'वॉकिंग टॉल' (१९७३) : प्रेक्षकांची मते कशी वाचावीत आणि स्वतःचे मत कसे लिहावे

आपल्याकडे 'साउथचा अॅक्शनपट' म्हटले की चेन्नई-हैदराबादकडचे चित्रपट डोळ्यांसमोर येतात. अमेरिकेत मात्र 'दक्षिण' म्हणजे टेनेसी, मिसिसिपी, अलाबामा, जॉर्जिया ही राज्ये, आणि १९७० च्या दशकात या मुलखावरच्या मारधाडपटांची एक लाटच आली होती. हातभट्टीची दारू, जुगाराचे अड्डे, लाच खाऊन गप्प बसलेला शेरीफ, धुळीच्या रस्त्यांवरचे मोटारींचे पाठलाग आणि या सगळ्यांसमोर एकटा उभा ठाकणारा माणूस, हा त्यांचा ऐवज असे. गावाबाहेरच्या मोकळ्या मैदानांतील ड्राइव्ह-इन थिएटरांत, आपापल्या मोटारीत बसून लोक हे चित्रपट पाहत. फिल कार्लसन यांनी दिग्दर्शित केलेला 'वॉकिंग टॉल' हा त्यांपैकीच एक. टेनेसीतील ब्यूफर्ड पसर या खऱ्या शेरीफच्या आयुष्यावर तो बेतलेला आहे. नावाचा भावार्थ घ्यायचा तर 'ताठ मानेने चालणे'.

या चित्रपटाबद्दलची मते वाचू लागलेला नवखा प्रेक्षक हमखास गोंधळतो. एक जण त्याला आयुष्यात पाहिलेला सर्वांत प्रामाणिक चित्रपट म्हणतो, दुसरा त्यात कायदा हातात घेण्याची भलामण पाहतो, तिसरा चित्रपटाविषयी न बोलता ब्यूफर्ड पसर या खऱ्या माणसाविषयीच बोलत राहतो, आणि २०२५ नंतर लिहिणारा चौथा तर हा चित्रपट पुन्हा पाहवणार नाही असे म्हणतो. चौघेही मनापासून बोलत असतात, पण प्रत्येक जण वेगळ्या गोष्टीविषयी बोलत असतो. त्या गोष्टी सुट्या करून मते कशी वाचावीत आणि मग स्वतःचे मत कसे मांडावे, यासाठी हा क्रम सुचवीत आहे.

पहिली पायरी : नेमका चित्रपट पाहावा, आणि आधी पाहावा

या नावाचे प्रकरण बरेच लांबलेले आहे. १९७३ च्या मूळ चित्रपटात ब्यूफर्डची भूमिका जो डॉन बेकर यांनी केली. १९७५ आणि १९७७ मध्ये आलेल्या पुढील दोन भागांत तीच भूमिका बो स्वेन्सन यांनी केली. १९७८ मध्ये ब्रायन डेनेही यांना घेऊन एक दूरचित्रवाणीपट झाला, १९८१ मध्ये एक मालिका आली, आणि २००४ मध्ये ड्वेन जॉन्सन म्हणजेच 'द रॉक' यांना घेऊन नवा चित्रपट निघाला. त्या चित्रपटात नायकाचे नाव तर बदललेच, शिवाय कथा टेनेसीतून उचलून थेट वायव्येकडील वॉशिंग्टन राज्यात नेली गेली. मते वाचताना ही सरमिसळ सर्रास आढळते. त्यामुळे एखाद्या मतात 'रॉक'चा किंवा स्वेन्सनचा उल्लेख असेल, तर ते मत आपल्या कामाचे नाही असे समजून बाजूला ठेवावे.

मूळ चित्रपट सुमारे दोन तास पाच मिनिटांचा आहे. तो एका बैठकीत, कोणाचेही मत न वाचता पाहावा. पाहताना ज्या प्रसंगी आपण खुर्चीत पुढे सरकलो किंवा नजर वळवली, ते दोन-तीन प्रसंग वहीत टिपून ठेवावेत. हे आग्रहाने सांगण्याचे कारण असे की या चित्रपटाची कीर्ती आणि अपकीर्ती दोन्ही इतकी मोठी आहेत की आधी मते वाचली तर पडद्यावर आपल्याला चित्रपट न दिसता त्या मतांचे पुरावेच दिसू लागतात.

दुसरी पायरी : चार शब्दांचे अर्थ नीट समजून घ्यावेत

पहिला शब्द 'शेरीफ'. मुंबईच्या वाचकाला हा शब्द ओळखीचा वाटतो, कारण मुंबईला शेरीफ म्हणजे नगरपाल असतो. पण ते वर्षभरासाठी नामवंत व्यक्तीला दिले जाणारे मानाचे पद आहे. अमेरिकेतील शेरीफ हा कौंटीतील, म्हणजे तिथल्या लहानशा जिल्ह्यातील, मतदारांनी निवडून दिलेला सशस्त्र अधिकारी असतो. तुरुंग त्याच्या ताब्यात असतो, मदतनीस डेप्युटी तो स्वतः नेमतो, आणि तो विकला गेला तर सामान्य माणसाला गावात दाद मागायला दुसरी जागा उरत नाही. हे ध्यानात आले नाही तर ब्यूफर्ड पोलिसांत तक्रार करून स्वस्थ का बसत नाही, हा प्रश्न सतत खटकत राहतो. अनेक परदेशी प्रेक्षकांच्या नाराजीचे मूळ याच प्रश्नात आहे.

दुसरा शब्द 'सीमा'. खऱ्या घटना टेनेसीतील मॅकनेरी कौंटीत आणि तिला लागून असलेल्या मिसिसिपीच्या हद्दीवर घडल्या. मिसिसिपीत १९६६ पर्यंत कागदोपत्री दारूबंदी होती. अमेरिकेतील सर्वांत शेवटी दारूबंदी उठवणारे राज्य तेच. हद्दीवरच्या अड्ड्यांना दोन राज्यांतील कायद्यांच्या फटीत सहज आसरा मिळे. तिसरा शब्द 'मूनशाइन', म्हणजे आपली हातभट्टी. चित्रपटात विषारी दारूने माणसे दगावतात तो प्रसंग समजावून सांगण्याची मराठी वाचकाला गरज नाही. चौथा शब्द 'डिक्सी'. हे दक्षिणेचे लाडके नाव असून संघटित गुन्हेगारांच्या तिथल्या सैल जाळ्याला 'डिक्सी माफिया' म्हणत.

तिसरी पायरी : मताखालची तारीख पाहावी

ही पायरी सर्वांत महत्त्वाची आहे, म्हणून येथे थोडे थांबतो.

१९७३ साली चित्रपट प्रदर्शित झाला तेव्हा व्हिएतनामचे युद्ध आणि वॉटरगेट प्रकरण यांनी अमेरिकन माणसाचा सरकारवरील विश्वास पुरता खचला होता. सुरुवातीला हा चित्रपट निव्वळ हाणामारीचा म्हणून विकण्यात आला आणि फारसा चालला नाही. मग जाहिरातीचा सूरच बदलला गेला. 'चित्रपटाला उभे राहून टाळ्या तुम्ही शेवटच्या कधी वाजवल्या होत्या?' अशा अर्थाची ओळ पोस्टरवर आली, आणि कमी खर्चात तयार झालेला हा चित्रपट देशभर तुफान चालला. म्हणजे प्रेक्षकांची प्रतिक्रिया हाच या चित्रपटाच्या जाहिरातीचा विषय होता. त्या काळातील मतांत 'लोकांनी टाळ्या वाजवल्या' हे वाक्य वारंवार का येते, याचे एक कारण इथे सापडते. टाळ्या खऱ्याच होत्या, पण टाळ्या वाजवायच्या आहेत हे प्रेक्षकाला घरून निघतानाच सांगितलेले होते. पॉलीन केल यांच्यासारख्या 'न्यूयॉर्कर'मध्ये लिहिणाऱ्या नामांकित समीक्षिकेनेही १९७४ मध्ये या चित्रपटाची सविस्तर दखल घेतली, यावरून त्याचा दबदबा कळतो.

दुसरा टप्पा ऑगस्ट १९७४ नंतरचा. पुढच्या भागात पसर यांनी स्वतःच नायक व्हायचे ठरले होते, आणि तशी घोषणा झाली त्याच दिवशी रात्री घरी परतताना मोटार-अपघातात त्यांचा मृत्यू झाला. वय अवघे ३६. त्यानंतरच्या मतांत चित्रपटाला श्रद्धांजलीचा रंग चढतो. अॅडम्सव्हिल येथील त्यांचे घर पुढे संग्रहालय झाले आणि त्यांच्या नावाने गावात उत्सव भरू लागला. या काळातील मते वाचताना त्यांत कलाकृतीचे मूल्यमापन किती आणि स्मरणभक्ती किती, हे पारखून घ्यावे लागते.

तिसरा टप्पा ऑगस्ट २०२५ चा, आणि तो सर्वांत जड आहे. पसर यांच्या पत्नी पॉलीन १२ ऑगस्ट १९६७ च्या पहाटे गोळ्या लागून मृत्यू पावल्या. दबा धरून बसलेल्या मारेकऱ्यांनी आपल्या मोटारीवर हल्ला केला, त्यात पत्नी ठार झाली आणि आपल्या जबड्यावर गोळी लागली, असे पसर यांनी सांगितले होते आणि चित्रपटाने तेच दाखवले. त्या खुनाबद्दल कोणावरही कधी खटला चालला नाही, आणि त्या वेळी शवविच्छेदनही झाले नव्हते. टेनेसीच्या राज्य तपास यंत्रणेने हे प्रकरण पुन्हा हाती घेतले, २०२४ मध्ये पॉलीन यांचे अवशेष बाहेर काढून तपासले, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये तपास अधिकारी व जिल्हा सरकारी वकील यांनी जाहीर केले की, उपलब्ध पुरावा पसर यांच्या जबानीशी जुळत नाही. त्यांच्या मते पॉलीन यांना मोटारीच्या बाहेर गोळी लागली असावी, पसर यांची जखम अगदी जवळून झालेली आणि बहुधा स्वतःच करून घेतलेली असावी, पॉलीन यांच्या नाकाचे हाड आधी कधीतरी मोडून सांधलेले होते, आणि पसर आज हयात असते तर त्यांच्यावर पत्नीच्या खुनाचा आरोप ठेवण्याइतका हा पुरावा आहे. आरोपी हयात नसल्यामुळे खटला चालणार नाही आणि न्यायालयाचा निकालही येणार नाही. मत वाचताना किंवा लिहिताना ही मर्यादा विसरू नये, आणि तिचा आधार घेऊन हा पुरावा झटकूनही टाकू नये.

त्यामुळे २०२५ पूर्वीच्या मताला 'याला सत्य माहीत नव्हते' म्हणून हिणवणे योग्य नाही, आणि ते मत जसेच्या तसे आज उचलणेही योग्य नाही. प्रत्येक मतापुढे पेन्सिलीने '७३', '७४ नंतर', '२५ नंतर' अशी खूण करावी. दहा-पंधरा मतांना अशी खूण केली की एकमेकांशी भांडणारी वाटणारी कितीतरी मते मुळात वेगवेगळ्या काळातील असल्याचे दिसून येते.

चौथी पायरी : बोलणारा कुठला आहे, ते पाहावे

दक्षिणेतील प्रेक्षकाच्या प्रेमामागे एक जुने दुखणे आहे. मोठ्या शहरांत तयार होणाऱ्या चित्रपटांत दक्षिणेतील गोरा खेडूत हा बहुधा अडाणी, क्रूर किंवा दोन्ही दाखवला जात असे. 'डिलिव्हरन्स' हा असाच गाजलेला चित्रपट आदल्याच वर्षी, १९७२ मध्ये येऊन गेला होता. त्या पार्श्वभूमीवर आईवडिलांच्या घरी परतणारा, लाकूडकामावर घाम गाळणारा, पत्नी-मुलांवर जीव असणारा आणि लहानपणीच्या कृष्णवर्णीय मित्राला डेप्युटी नेमणारा नायक पाहून त्या प्रेक्षकाला आपले कोणीतरी पडद्यावर आले असे वाटले. फेल्टन पेरी यांनी साकारलेला हा मित्र, ओब्रा, याच्याविषयी कोण काय लिहितो, ते मुद्दाम पाहावे. काहींना त्याच्यात बदलत्या दक्षिणेची आशा दिसते, तर काहींना वांशिक अन्यायाची गोष्ट एका गोऱ्या नायकाच्या थोरवीसाठी वापरल्यासारखी वाटते. माझ्या मते पेरी यांचा संयत अभिनय त्या भूमिकेला पटकथेपेक्षा पुष्कळ उंच नेतो, तरीही दुसरा आक्षेप खोडून निघत नाही.

खुद्द मॅकनेरी कौंटीतील मत मात्र बाहेरच्यांना वाटते तितके एकमुखी नव्हते. पसर १९६४ ते १९७० शेरीफ होते. चित्रपट प्रदर्शित होण्याच्या आदल्या वर्षी, १९७२ मध्ये, ते पुन्हा निवडणुकीस उभे राहिले आणि हरले. ज्या माणसासाठी देशभर लोक टाळ्या वाजवणार होते, त्याला त्याच्या स्वतःच्या मतदारांनी काही महिने आधी घरी बसवले होते, ही गोष्ट मी स्थानिक प्रेक्षकांची मते वाचताना नेहमी समोर ठेवतो.

पाचवी पायरी : चित्रपटाचे काम आणि माणसाचे चरित्र वेगळे तोलावे

फिल कार्लसन हे कसलेले दिग्दर्शक होते. १९५० च्या दशकात त्यांनी कमी खर्चाचे, टोकदार गुन्हेपट केले होते, आणि १९५५ मध्ये अलाबामातील फिनिक्स सिटी या गुन्हेगारीने पोखरलेल्या गावावर चित्रपटही केला होता. दक्षिणेतील गाव, जुगाराचे अड्डे, विकली गेलेली यंत्रणा हा विषय त्यांना नवा नव्हता. 'वॉकिंग टॉल'मध्ये त्यांची हातोटी कुठे दिसते, हे एका प्रसंगावरून सांगतो.

'लकी स्पॉट' या अड्ड्यावर ब्यूफर्डच्या मित्राला खोट्या फाशांनी फसवले जाते. ब्यूफर्ड ते पकडतो, मारामारी होते, आणि टोळी त्याला चाकूने चिरून रस्त्याकडेला मरायला टाकून देते. बरा झाल्यावर तो एक लाकडी सोटा घेऊन अड्ड्यावर जातो, सर्वांना बडवतो आणि बुडालेले पैसे वसूल करतो. मग खटला त्याच्यावरच भरला जातो. न्यायालयात तो स्वतःची बाजू स्वतः मांडत असतो, शब्द अपुरे पडू लागतात, आणि तो अंगातला सदरा फाडून ज्यूरीपुढे छाती-पाठ उघडी करतो. त्या रुंद अंगावर जाड टाक्यांचे व्रण आडवेतिडवे पसरलेले असतात. बेकर यांचा आवाज या वेळी नायकाचा राहत नाही. बोलण्याची सवय नसलेल्या, दुखावलेल्या माणसाचा तो आवाज असतो. कोणत्याही काळातील मत उघडा, या प्रसंगाचा उल्लेख सापडण्याचा संभव फार मोठा आहे. आता याच प्रसंगाकडे दुसऱ्यांदा पाहावे. ब्यूफर्डने कायदा मोडला होता की नाही, हा न्यायालयापुढचा प्रश्न व्रण दिसताच नाहीसा होतो, आणि ज्यूरीसोबत आपणही तो विसरतो. प्रसंगाची ताकद आणि त्याचा धोका दोन्ही एकाच ठिकाणी आहेत. म्हणूनच 'फार परिणामकारक' म्हणणारा आणि 'फार चिथावणीखोर' म्हणणारा, असे दोघेही या प्रसंगाकडेच बोट दाखवतात.

एलिझाबेथ हार्टमन यांनी साकारलेल्या पॉलीनकडेही असेच दोनदा पाहावे. घरात बंदुका नकोत, हे काम सोड, असे नवऱ्याला सांगणारी ही स्त्री आहे. १९७३ च्या प्रेक्षकाला तिचा मृत्यू म्हणजे नायकाच्या अखेरच्या सूडाचे कारण वाटला. चेहऱ्यावर पट्ट्या बांधलेला ब्यूफर्ड अंत्यविधीनंतर मोटार घेऊन सरळ अड्ड्याच्या दारातून आत घुसतो, आणि मागोमाग आलेले गावकरी जुगाराची टेबले बाहेर फेकून त्यांची होळी करतात. २०२५ नंतर त्या होळीकडे पाहताना मला टेबले दिसत नाहीत. सगळे गाव त्या बाईच्या नावाने पेटले आहे आणि तिच्याविषयी कोणीच काही विचारत नाही, एवढेच जाणवते. तरीही हार्टमन आणि बेकर यांनी १९७३ मध्ये केलेले काम त्यांना सांगितलेल्या कथेशी प्रामाणिक होते, आणि त्याचे मोल त्या निकषावरच ठरवले पाहिजे.

सहावी पायरी : स्वतःचे मत लिहावे

आता वहीतील सुरुवातीच्या नोंदी काढाव्यात आणि मते वाचल्यानंतर त्यांपैकी कोणती बदलली ते पाहावे. जी बदलली नाही तिच्यापासून लेखनाला सुरुवात करावी, कारण तीच खरोखर आपली आहे.

लिहिताना दोन नावे कटाक्षाने वापरावीत. पडद्यावरील माणसाला 'ब्यूफर्ड' किंवा 'चित्रपटातील ब्यूफर्ड' म्हणावे, आणि खऱ्या शेरीफला 'पसर'. या एका शिस्तीने निम्मा गोंधळ मिटतो. 'ब्यूफर्ड शूर आहे' हे पटकथेविषयीचे विधान आहे. 'पसर शूर होते' हे इतिहासाविषयीचे विधान आहे, आणि त्यासाठी दोन तासांचा चित्रपट हा पुरावा होऊ शकत नाही. 'सत्यकथेवर आधारित' या शब्दांनाही इथे काटेकोर अर्थ द्यावा. ही कथा मुख्यतः पसर यांनी सांगितलेली होती आणि चित्रपटाच्या प्रसिद्धीतही ते स्वतः सहभागी होते, हे वाचकाला सांगितले तर पुढचा निर्णय तो करू शकतो.

खुनाच्या तपासाचा उल्लेख करताना 'सिद्ध झाले' असे लिहू नये. 'तपास यंत्रणेच्या मते', 'आरोप ठेवण्याइतका पुरावा असल्याचे जाहीर केले' असे लिहावे. हिंसेविषयी लिहिताना 'फार हिंसा आहे' एवढ्यावर थांबू नये. कोणती हिंसा पाहून आपण मनात टाळी वाजवली आणि कोणती पाहून मान फिरवली, हे नमूद करावे. सोट्याचे फटके आणि चाकूचे वार दोन्ही रक्तबंबाळच आहेत, पण कॅमेरा त्यांच्याकडे सारख्या नजरेने पाहत नाही. शेवट सांगायचा असेल तर वाचकाला आधी सूचना द्यावी. गुण किंवा तारे द्यायचे असतील तर ते सर्वांत शेवटी द्यावेत, कारण आकडा आधी लिहिला की पुढचे सगळे लेखन त्या आकड्याची वकिली करत बसते.

मताच्या खाली तीन नोंदी न चुकता कराव्यात : चित्रपट पाहिल्याची तारीख, पाहिलेली आवृत्ती पूर्ण होती की काटछाट केलेली, आणि पाहण्यापूर्वी २०२५ च्या तपासाची माहिती होती की नव्हती. दूरचित्रवाणीवर असे चित्रपट काटछाट करूनच दाखवले जात, त्यामुळे जुन्या प्रेक्षकांपैकी अनेकांनी सौम्य आवृत्तीच पाहिलेली असू शकते. पुढे कोणी आपले मत वाचताना पेन्सिल हातात घेईल, तेव्हा त्याला खूण कुठे करायची ते या तीन नोंदींवरून कळेल. आणि मतात नायकाच्या पत्नीचा उल्लेख 'त्याची बायको' एवढाच झाला असेल, तर तेथे पॉलीन हे नाव घालून मगच मत पाठवावे.